शिष्यत्वाचे मोल

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांचा इतिहास म्हटला की रोमन रंगभूमी आणि तीत सोडलेली श्वापदे हीच चित्रे सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ती खोटी नव्हेत. तथापि अपुरी आहेत. इ. स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील एका प्रांताचा सुभेदार प्लिनी ह्याने सम्राट ट्राजन ह्यास एक पत्र लिहिले. ख्रिस्ती म्हणून धरून आणलेल्यांचे काय करावे, असा त्याचा प्रश्न होता. सम्राटाच्या मूर्तीपुढे ज्याने धूप आणि मद्य वाहिले व ख्रिस्ताची निंदा केली त्यास तो सोडून देई; जो आपल्या म्हणण्यास चिकटून राही त्यास देहदंड होई. म्हणजे सुटकेचा मार्ग चिमूटभर धुपाचा होता. पुढे इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेटुआ नावाची एक तरुणी मारली गेली. अंगावर पिते मूल असलेली ही कुलीन स्त्री. तिच्या नावाने चालत आलेले तुरुंगातील कथन आज उपलब्ध आहे. त्यात श्वापदांहून अधिक ठाव घेतो तो तिचा वृद्ध पिता. तो पुनःपुन्हा येतो, तिच्या पाया पडतो, तान्ह्या मुलाकडे पाहावयास सांगतो. शिष्यत्वाची खरी कसोटी रंगभूमीवर नव्हे तर त्या आधीच, पित्यापुढे, लागून गेली होती.

हा पित्याचा प्रसंग ध्यानात ठेवला म्हणजे आपल्याकडील इतिहास नीट वाचता येतो. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जे पहिले ख्रिस्ती झाले, त्यांच्या वाट्यास सिंह आले नाहीत. उलट राज्यकर्तेच ख्रिस्ती होते. तेव्हा राजाचा धर्म घेणाऱ्याने मोल ते कसले दिले, असा आक्षेप सहज सुचतो, आणि तो अगदीच निराधार नाही. मिशनची शाळा, छापखाना, पगार ह्यांचा आधार नव्या शिष्यास मिळे. परंतु आपल्या समाजात दंड करण्याचा अधिकार केवळ सरकारकडे कधीच नव्हता. पंक्ती, पाणवठा, सोयरीक, न्हावी-धोबी, मेल्यावर खांदा देणारे चौघे, हे सारे जातीच्या हाती होते. रोमन सुभेदार प्राण घेई; जात माणसास जिवंत ठेवून त्याचे सुतक पाळी.

ह्या दंडाचे स्वरूप मुंबईतील दोन खटल्यांवरून स्पष्ट होते. १८३९ च्या मे महिन्यात रेव्हरंड जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि विल्सनसाहेबांची शाळा जवळजवळ ओस पडली. धनजीभाईंचे वय सोळा-सतरा. कोर्टाने त्यांना आपल्या इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. तो अवघा बारा वर्षांच्या आसपासचा. कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. अंतःकरणात उठलेल्या हाकेस ‘ओ’ देण्याचा अधिकार माणसास कितव्या वर्षी येतो, हा प्रश्न धर्मशास्त्राचा. त्याचे उत्तर देण्याचे काम येऊन पडले न्यायाधीशावर.

श्रीपतची गोष्ट कोर्टाच्या निकालाने संपली नाही. खऱ्या अर्थाने ती तेथेच सुरू झाली. मुलाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु मिशनऱ्यांच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेले होते. मग त्यास जातीत घ्यावे की न घ्यावे? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे असा पक्ष उचलला, आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. जांभेकर ख्रिस्ती धर्माचे अनुयायी नव्हते. त्यांना घरी परतलेल्या एका पोरासाठी दार उघडावयाचे होते, इतकेच. ह्यावरून एक गोष्ट दिसते. जाणाऱ्याची वाट बिकट होतीच, पण परतणाऱ्याची अधिक बिकट होती. नारायण शेषाद्रींना निदान दुसरे घर मिळाले, आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहतही उभारली. श्रीपतला स्वतःच्याच घरात शिरण्यासाठी शास्त्र्यांची संमती लागली.

जातीचा हा कोप चुकविण्याचा तिसरा मार्गही त्या काळी काहींनी काढला होता. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. तिचे सभासद बंद दाराआड एकत्र बसून परजातीयाच्या हातचा पाव खात, ईश्वर एक व माणूसही एकच असे म्हणत, आणि सभा आटोपली की घरी जाऊन सोवळे नेसत. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही बाहेर गेल्याची वार्ता पसरली आणि मंडळी विरून गेली. ह्याच मंडळीत बाबा पदमनजी होते. बेळगावच्या कासार घराण्यात १८३१ मध्ये जन्मलेला हा तरुण केवळ विचारापुरता प्रश्न असता तर मंडळीत सुखाने राहिला असता. परंतु मनात एक आणि जनात एक हे ओझे त्यास पेलवेना. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्याने बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. दूरच्या मुंबईत नव्हे, जेथे सारे ओळखत होते तेथे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ अभ्यासक तिचा उल्लेख करितात. तिची नायिका मनाने ख्रिस्तास मानते, परंतु प्रथम उघड बाप्तिस्मा घेत नाही. विश्वास आणि उच्चार ह्यांमधील हे अंतर बाबांनी स्वतः अनुभविले होते. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मतांतराचा प्रवास आतून कसा असतो हे मराठीत इतक्या तपशिलाने त्यापूर्वी क्वचितच कोणी सांगितले असेल.

कायद्याने ह्या मोलाचा काही भाग हलका केला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जातिबहिष्कृतास वा धर्मांतर करणाऱ्यास वारसाहक्कापासून वंचित करण्यास मनाई झाली. १८६६ च्या कायद्याने, जोडीदार टाकून गेला असता धर्मांतरितास विवाहबंधनातून मुक्त होण्याची सोय केली. परंतु शेत परत देणे कायद्याच्या हाती आहे, आईच्या हातचा घास परत देणे नाही.

येथवर आपण बोललो ते जाणाऱ्याविषयी. मागे राहणाऱ्यांचे काय? पर्पेटुआच्या पित्याने आपली बाजू लिहून ठेविली नाही. मराठीचे भाग्य असे की आपल्याकडे ती बाजू लिहिली गेली, आणि ती एका स्त्रीने लिहिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. हाक त्यांना आली होती. लक्ष्मीबाईंना ती आली नव्हती. तरी मोल दोघांनाही द्यावे लागले, आणि निवड न करता देणाऱ्याचे मोल अधिक जड असते. जिवंत नवऱ्याची बायको असून सवाष्णीचा मान नाही, पदरी लहान मूल, आणि आश्रय नातलगांचा, अशा स्थितीत त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या पतीकडे राहावयास गेल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे ज्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे, त्याने वाचक हसतो आणि मग हसल्याबद्दल थबकतो. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले. जी हाक ऐकून पती घर सोडून गेला, तिचे काव्य पत्नीच्या हातून पूर्ण व्हावे, ह्याहून समर्पक न्याय कोणता?

आता आमच्या भागाकडे वळतो. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. १८७० मध्ये त्यांचे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. वारणानगरला लागून असलेल्या कोडोलीसही त्या मिशनचे ठाणे झाले. ह्या खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांतील पुष्कळसे महार-मांग समाजांतील. त्यांच्याविषयी ‘पोटासाठी धर्म सोडला’ असे एका वाक्यात बोलण्याची आपल्या पांढरपेशांत चाल आहे. दुष्काळाने पुष्कळांना मिशनच्या दारी आणले हे खरे. परंतु ज्यास पंक्तीत मुळी बसूच दिले नव्हते त्यास पंक्तीतून उठविण्याचा दंड लागू पडत नाही. त्याचे मोल निराळ्या नाण्यात मोजावे लागते. गावकीची कामे व देवीच्या उत्सवातील मानाची सेवा नाकारली की बलुत्याचे धान्य धोक्यात येई, आणि भावकीशी फाटे. शिवाय कोल्हापूर हा संस्थानी मुलूख. इंग्रजी हद्दीतील कायदा येथे आपोआप लागू होत नसे. ह्या माणसांत बाबा पदमनजी वा लक्ष्मीबाई निपजल्या नाहीत, कारण त्यांच्या हाती लेखणीच उशिरा आली. इतिहासात ज्याचे मोल लिहिले गेले नाही त्याने ते दिलेच नाही, असे समजण्याचा प्रमाद आपण करू नये.

टिळकांच्या अखेरच्या पर्वातून ह्या सर्वांवर प्रकाश पडतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताचे अनुयायित्व पत्करणाऱ्यास, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि तो उद्योग फारसा वाढला नाही. तरी त्यामागील विचार विसरण्याजोगा नाही. घर सोडण्याचे मोल त्यांनी एकदा दिले होते. आता मिळालेल्या दुसऱ्या घराची ऊबही सोडून त्यांनी ते पुन्हा दिले. पगारासाठी धर्म घेतला ह्या आक्षेपास इतके स्वच्छ उत्तर दुसरे नसेल.

ख्रिस्ताची हाक खरी की खोटी, ह्याचा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकाने करावयाचा नसतो. तो ज्याचा त्याने करावा. परंतु मोलाचा हिशेब मांडणे हे त्याचे काम आहे, आणि तो हिशेब आपल्याला, म्हणजे न गेलेल्यांच्या वंशजांना, लागू आहे. रोमन सुभेदाराने मागितलेला चिमूटभर धूप आपल्या समाजानेही मागितला. सिंह त्याच्यापाशी होते. आपण वापरले ते घरचे दार. ते दार लावले कोणी, आणि बाळशास्त्र्यांसारखे त्यात हात घालून ते उघडे धरावयास उभे राहिले किती, हे एकदा मोजून पाहावे.