अण्णांनी शिकवलेला पंचनामा

नळदुर्गच्या लढाईवरचा आपला पहिला भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाय. आजचा भाग म्हणजे त्याची दुरुस्ती आहे. ती करायला ज्यांनी सांगितलं होतं, ते अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. मी उशीर केला, हे आधीच सांगून टाकतो.

अण्णा आमच्या गल्लीतले निवृत्त हवालदार. सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यातच झालेली. लॉकडाऊनमध्ये माझी पुण्यातली नोकरी घरात आली. आत रेंज मिळायची नाही, म्हणून मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचो आणि समोरच्या ओट्यावर अण्णा. वयात जवळपास पन्नास वर्षांचं अंतर, पण चहा दोघांचाही बिनसाखरेचा. तिथून मैत्री झाली.

पहिला भाग त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "आवाज चांगलाय तुझा. पण पंचनामा अर्धाच केलास बघ."

मग त्यांनी मला पंचनामा म्हणजे काय ते सांगितलं. घटनास्थळ कुठलं, वेळ काय, उजेड होता का, कोण कुठं उभं होतं. पाहिलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं. आणि जबाब दोन्ही बाजूंचे घ्यायचे. आमच्याकडे बग रिपोर्ट लिहितानाही हेच सांगतात, पण मला ते खरं समजलं ओट्यावर.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोलीस ॲक्शन म्हणतोस, तर त्यात पोलीस कुठं होते?"

बरोबर होतं त्यांचं. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरहून निघालं ते भारताचं लष्कर. मेजर जनरल जे. एन. चौधरी प्रमुख होते, रणगाडे होते, आणि लष्करी नाव होतं ऑपरेशन पोलो. पण निजामानं ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. दोन देशांतलं युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद हा वेगळा देश ठरला असता. 'पोलीस ॲक्शन' म्हटलं की तो घरातला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न झाला.

सुव्यवस्था बिघडली होती हेही खरं. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. हे मी पहिल्या भागात सांगितलं होतं.

दुसरा प्रश्न, "नळदुर्गला मेलं कोण, त्याचं नाव घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. बोरी नदीवरचा पूल फौजेला शाबूत ताब्यात मिळाला, एवढंच सांगितलं होतं. त्या दिवशी नळदुर्गच्या लढाईत २ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग मांडीत गोळी लागल्यावरही सरपटत पुढे गेले आणि समोरच्या मशीनगनच्या ठाण्यावर त्यांनी हातबॉम्ब टाकले. ते वाचले नाहीत. अशोकचक्र मिळालेल्या अगदी पहिल्या काही जणांत त्यांचं नाव आहे. अण्णा हसून म्हणाले, "हवालदारच राहिला ना शेवटी लिहायचा?"

तिसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला. "सतरा तारखेनंतर काय झालं?"

माझा भाग १७ सप्टेंबरला संपत होता. निजामानं युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीनं शरणागती दिली, आणि मागे मी झेंड्याचं संगीत लावलं होतं. अण्णा म्हणाले, "आपल्याच गल्लीत दोन घरं आहेत. एका घरात ते दिवस सुटकेचे म्हणून सांगतात. दुसऱ्या घरात पोलीस ॲक्शन म्हटलं की म्हातारी माणसं उठून आत जातात. तू एकाच घराचा जबाब घेतलास."

मग मी वाचायला लागलो. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भारत सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली. कारवाईच्या दरम्यान आणि नंतर, मुख्यतः मुसलमानांच्या हत्या झाल्या, आणि मेलेल्यांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. काही ठिकाणी लष्कराची आणि पोलिसांची माणसंही लुटीत आणि हत्यांत सामील होती, असं समितीनं लिहिलं. शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही तिनं केली. सरकारनं तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही.

पोलिसांबद्दलचं वाक्य मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा मला धास्ती होती. खाकीवर जीव होता त्यांचा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिही. आपल्या माणसाचं नाव आलं म्हणून पान फाडायचं नसतं."

तरी मी हा भाग केला नाही. लोक काय म्हणतील, गावाकडे घरच्यांना त्रास होईल का, आधी रझाकारांचं सांगितलं तर यांना राग, नंतरचं सांगितलं तर त्यांना राग, असं करत दोन वर्षं गेली. अण्णा भेटले की विचारायचे, "झाला का रं पंचनामा?" मी म्हणायचो, "करतो अण्णा, पुढच्या महिन्यात."

रझाकारांनी केलं ते नंतरच्या हत्यांमुळे कमी होत नाही. नंतरच्या हत्या रझाकारांमुळे माफ होत नाहीत. मरणारे बहुतेक करून रझाकार नव्हते, कुणीतरी शेजारी होते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. मी झेंडावंदनाला जातो, यंदाही जाणार आहे. आणि येताना गल्लीतल्या त्या दुसऱ्या घरी जाणार आहे, त्यांची तयारी असेल तरच रेकॉर्डर काढीन.

तुमच्या घरी त्या काळातलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. गाव, वेळ, पाहिलेलं की ऐकलेलं, सगळं नीट लिहून घ्या. माझ्यासारखं पुढच्या महिन्यावर टाकू नका.

अण्णा, झाला बघा पंचनामा. उशिरा झाला.