बारापेडेच्या गुहेतली नोंद

हुबळीला कोप्पीकर रोडवर खरेदीसाठी जाणारे आपण गोवेकर लोंढ्याला चहा घेतो आणि पुढे निघतो. मीही कितीतरी वेळा तसाच गेलो आहे. पण लोंढ्याच्या वायव्येला, खानापूर तालुक्यात, भीमगडचे रान आहे. आपली म्हादई याच रानात उगम पावते. याच रानात तळेवाडी नावाचे मराठी बोलणारे गाव आणि गावाजवळ बारापेडेची गुहा. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या गुहेचे नाव शंभराहून अधिक वर्षे आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली देशभरातील सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत 1912 साली बारापेडेत एक वेगळेच वटवाघूळ सापडले. कान एवढे मोठे की पुढे तोंडावर झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. अंग गडद तपकिरी, मानेपासून पाठीवर फिकट पट्टा, आणि शेपटी पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी. नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तिथे ओल्डफील्ड थॉमस यांनी ते तपासून 1913 साली ही नवी जात असल्याचे जाहीर केले. नाव दिले रॉटन यांचे. हे मुंबई इलाख्यातले निवृत्त वनाधिकारी, पाहणीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. या प्राण्यासाठी थॉमस यांनी 'ओटोमॉप्स' हा नवा गटही त्याच वर्षी मांडला. पुढच्या वर्षी प्रेटर यांनी त्याचा शोध आणि सवयी यांवर सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जगात या वटवाघळाचा ठावठिकाणा एकच होता, बारापेडे. 2000 नंतर कंबोडिया आणि मेघालयातून नोंदी आल्या, तेव्हा कुठे ते इतरत्रही असल्याचे कळले.

माझा दिवस आवक-जावक वहीत जातो, त्यामुळे कागदावरच्या एका ओळीचे वजन मला माहीत आहे. या वटवाघळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. भीमगडचे अभयारण्य व्हावे म्हणून झगडणाऱ्यांनी त्याचा दाखला वारंवार दिला, आणि डिसेंबर 2011 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. 1912 चे ते नमुने आणि त्यांवरची चिठ्ठी नसती, तर मागणी करणाऱ्यांच्या हातात हा पुरावा नसता.

पण त्या रानात माणसेही राहत होती. 2025 साली तळेवाडीच्या कुटुंबांना मोबदला देऊन बाहेर हलवण्याचे काम सुरू झाले. दवाखाना नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. त्यामुळे जाणाऱ्यांना दोष कोण देणार? मात्र ज्यांच्या पिढ्या त्या गुहेच्या शेजारी नांदल्या, ते त्या प्राण्याला काय म्हणत, गुहेबद्दल कोणत्या गोष्टी सांगत, हे कोणी लिहून घेणार की नाही? गाव उठले की हे ज्ञान घरोघरी विखुरते आणि एका पिढीत संपते.

आपल्या सत्तरीत, सांग्यात, काणकोणातही अशा गुहा आहेत आणि त्यांची नावे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. शास्त्रज्ञ मोजमाप घेतील, वटवाघळांचे आवाजही यंत्रावर टिपतील. गावातली नावे आणि गोष्टी लिहून घ्यायला मात्र एक वही पुरे, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्यांनाही जमेल.