प्रतिकूल माध्यम परिणाम

प्रतिकूल माध्यम परिणाम ही माध्यम-मानसशास्त्रातील एक संज्ञा आहे. एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर ठाम मत असलेल्या व्यक्तींना त्या प्रश्नाचे समतोल वार्तांकनही आपल्या पक्षाच्या विरोधात झुकलेले वाटते, या प्रवृत्तीस हे नाव दिले जाते. राजकीय भाष्याची विश्वासार्हता तपासताना ही संकल्पना महत्त्वाची ठरते; कारण तपासणारा वाचक स्वतःही बहुधा एखाद्या बाजूचा असतो.

मूळ अभ्यास
रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस व मार्क लेपर यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूत येथील साब्रा व शातिला भागांत झालेल्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणी बातम्या त्यांनी इस्रायलसमर्थक व अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच असूनही पहिल्या गटाला त्या इस्रायलविरोधी, तर दुसऱ्याला इस्रायलधार्जिण्या वाटल्या. या बातम्या पाहून तटस्थ प्रेक्षक आपल्या विरोधात जातील, असेही दोन्ही गटांना वाटत होते.

कारणे
संशोधकांनी याची दोन कारणे सुचवली. एक, आपलीच बाजू सत्य मानणाऱ्याला दोन्ही बाजूंना समान स्थान देणेही अन्यायकारक वाटते. दोन, प्रत्येक गटाला मजकुरातील प्रतिकूल उल्लेख अधिक जाणवतात. अल्बर्ट गुंथर व कॅथलीन श्मिट यांच्या २००४ मधील अभ्यासात जनुकीय सुधारित अन्नाविषयीचा एकच मजकूर वृत्तपत्रीय लेख म्हणून दिल्यावर हा परिणाम दिसला. विद्यार्थ्याचा निबंध म्हणून दिल्यावर तो दिसला नाही. मजकूर मोठ्या समुदायापर्यंत पोहोचणार ही जाणीव त्यामागे असावी, असे मानले जाते.

सापेक्ष परिणाम
भाष्य उघडपणे एका बाजूचे असल्यास दोन्ही गटांना त्याचा कल ओळखता येतो. मात्र समर्थकांना तो सौम्य, तर विरोधकांना तीव्र वाटतो. यास सापेक्ष प्रतिकूल माध्यम परिणाम म्हणतात.

विश्वासार्हतेचे मूल्यमापन
पक्ष घेणे आणि असत्य लिहिणे या भिन्न गोष्टी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले मूकनायक हे पाक्षिक अस्पृश्यांची बाजू उघडपणे मांडत होते. प्रचलित वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, हा आक्षेप त्याच्या पहिल्याच अंकात होता. त्यामुळे केवळ लेखकाच्या भूमिकेवरून मजकूर त्याज्य ठरत नाही. पुढील बाबी अधिक उपयुक्त ठरतात :
* तथ्य व मत वेगळे ओळखता येते का आणि तथ्य स्वतंत्रपणे पडताळता येते का.
* प्रतिपक्षाचा युक्तिवाद त्यालाही मान्य होईल अशा रूपात मांडला आहे का.
* लेखकाचे पक्षीय वा आर्थिक हितसंबंध जाहीर आहेत का.
* चूक आढळल्यास दुरुस्ती प्रसिद्ध होते का.
* हीच कृती दुसऱ्या पक्षाने केली असती, तर वाचकाने हाच निकष लावला असता का.

मर्यादा
वाचकांना पक्षपात जाणवतो म्हणून तो असतोच असे नाही. तसेच या परिणामाचा दाखला देऊन प्रत्यक्ष पक्षपात नाकारताही येत नाही. दोन्ही बाजू नाराज असणे हा निःपक्षपातीपणाचा पुरावा नव्हे. सदोष वार्तांकनावरही दोन्ही बाजू नाराज असू शकतात. अखेरीस मजकुरातील विधाने पुराव्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.