नाव राहिले, शिकवणी गेली



आमच्या विडी कामगारांच्या सभेला एक बाई नेमाने येत. पण बसत दाराशी, आणि अर्ध्या सभेतून उठून जात. त्यांना सभेचे महत्त्व वाटत नाही, असा ग्रह आम्ही वर्षभर करून घेतला होता. खरे कारण आमच्या कुटुंबाकडून कळले. तीन बाळंतपणांनंतर खोकला-शिंक आली की त्यांना लघवी आवरत नसे. पंचवीस वर्षे आम्ही कामगारांची गाऱ्हाणी लिहून घेत आलो, त्यांत हे गाऱ्हाणे एकदाही आले नव्हते. आम्ही शाळा सातवीत सोडली. तेव्हा पुढचे बोलणे वैद्याचे नव्हे, त्यानंतर हाती लागलेले वाचून काढणाऱ्याचे आहे.

कमरेच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना तिचाच आधार. बाळंतपणात ती ताणते, कधी फाटते. मग लघवी सुटते, किंवा आपल्या बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात ते होते. पण झोळी स्नायूंची आहे, आणि स्नायू मेहनतीने कमावता येतो. हे हमालाला सांगावे लागत नाही. वैद्यकाला मात्र ते नीट ध्यानी यायला विसावे शतक उजाडावे लागले.

१८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची संस्था काढली. ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा पेशा तिच्यातून वाढला. तिथेच १९३६ साली मार्गारेट मॉरिस या मूळच्या नर्तकीने बाळंतिणींसाठी या स्नायूंचे व्यायाम लिहून ठेवले. जगाने नाव लक्षात ठेवले ते मात्र लॉस एंजेलिसचे डॉक्टर आर्नल्ड केगेल यांचे. बायांनी शिकवावे आणि नाव पुरुषाचे व्हावे, हे कारखान्यातही आम्ही पाहिलेले आहे. तरी केगेल यांचे श्रेय नाकारता येत नाही. १९४८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यात एक उपकरण होते: योनीत ठेवायची हवेची लहान पिशवी, आणि तिला जोडलेली दाब दाखवणारी तबकडी. स्नायू आवळला की काटा हलतो. नुसते तोंडी सांगून पुष्कळ बायकांना हा स्नायू सापडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आधी तपासणी, मग काट्याकडे पाहत रोज तीन वेळा वीस-वीस मिनिटे मेहनत.

पुढे घडले ते असे की नाव राहिले आणि शिकवणी गेली. ‘केगेलचे व्यायाम करा’ एवढी चिठ्ठी हातात पडू लागली. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सांगून तपासले, तेव्हा जेमतेम निम्म्यांना ते नीट जमले. १२ जणी तर अशा करीत होत्या की त्रास वाढावा. आवळण्याऐवजी खाली जोर केला की तसे होते. उलट १९९९ साली नॉर्वेत १०७ स्त्रियांची सहा महिने पाहणी झाली. तिथे शिकवून, देखरेखीखाली करून घेतलेला व्यायाम हा विजेच्या उपचारापेक्षा व योनीत धरायच्या वजनांपेक्षा सरस ठरला. अंग उतरण्याच्या त्रासावरही, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४४७ स्त्रियांच्या पाहणीत, एकेकीला स्वतंत्रपणे शिकवल्याने लक्षणे कमी झाली. सगळ्यांचेच भागते असे नाही. काहींना शस्त्रक्रिया लागतेच. पण निदान तीन महिने नीट शिकून पाहण्याआधी सुरीकडे का धावावे?

आता त्या बाईंचे. आम्ही त्यांना फिजिओथेरपी शिकलेल्या एका मुलीकडे पाठवले. पहिल्याच खेपेस कळले, की शेजारणीने सांगितलेला व्यायाम त्या दोन वर्षे उलटाच करीत होत्या. दुसऱ्या खेपेस गेल्या. तिसऱ्या खेपेस नाही. विडीची मजुरी हजारावर मिळते. दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, वर बसभाडे. त्या मुलीने महिन्यातून दोनदा आमच्या कचेरीतच यावे, मागच्या खोलीला पडदा लावून द्यावा, असे सध्या बोलणे चालू आहे. पडद्याचे कापड आले आहे. खोलीतली जुनी दप्तरे अजून हलायची आहेत.