आखाजीची वाट आणि वाटेवरचे थांबे

उन्हाळ्याची सुटी लागली की पोरांचा घरात एकच धोशा असतो, कुठंतरी चला. आता त्याला आपण सहल म्हणतो. पण लेकराबाळांना घेऊन गाडीनं बाहेर पडायची रीत खान्देशात मोटार येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आज आम्ही तिचाच इतिहास सांगणार आहोत.

आपल्या आज्या-पणज्यांना घराबाहेर पडायला मोठी कारणं दोनच. एक माहेर, दुसरं देव. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली की भाऊ मुराळी होऊन यायचा. बहीण लेकरांना घेऊन बैलगाडीत बसायची. सासरी खाली मान घालून वावरणारी बाई माहेरी झोक्यावर उंच जायची, गौराईची गाणी म्हणायची. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या आणि जळगावला नांदल्या. अंतर काही फार नव्हे. तरी त्यांच्या गाण्यांत माहेरची वाट पुन्हा पुन्हा येते. बाईला त्या वाटेचं मोल किती होतं, ते यावरून कळतं.

दुसरं कारण देवाचं. चैत्रात सप्तशृंगगडाची वाट, माघात मुक्ताईची यात्रा, महाशिवरात्रीला चांगदेव. यात्रेला अख्खं घर निघायचं. दशम्या, ठेचा, कांदा अशी टिकणारी शिदोरी बांधलेली असायची. आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच, म्हणून गाडी पहाटेच जुंपायची. बैलांना पाणी लागतं, सावली लागते. म्हणून ऊन चढलं की नदीकाठी, आमराईत, विहिरीजवळ गाडी सोडावीच लागे.

मुलांची खरी मौज त्या थांब्यावर असे. कोरड्या पात्रात झिरा उकरून पाणी काढायचं, चिंचा पाडायच्या, बैलांना पाण्यावर न्यायचं. बोलता बोलता भूगोलही कळायचा. गिरणा नाशिककडून येते, पांझरा धुळ्यातून जाऊन मुडावदला तापीला मिळते, आणि तापी पश्चिमेला सुरतेकडून समुद्रात जाते. आणि बाईला? तिलाही घटकाभर झाडाखाली पाय पसरता यायचे.

वाटेवरच्या या सावलीची काळजी राज्यकर्तेही घेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकानं रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, असं त्याच्याच लेखात कोरलेलं आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला थांबायला जागा करून देणं हे पुण्याचं काम मानलं जाई.

मग आगगाडी आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढं ती गावोगावी पोचली. त्यानंतर जीप आली, चौपदरी रस्ता झाला. प्रवास सोपा झाला, हे चांगलंच. पण मोटारीला ना चारा लागतो ना सावली. त्यामुळे थांबणंच गेलं. रुंदीकरणात जुनी झाडंही गेली. आता पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसतात आणि नदी कधी मागं गेली ते त्यांना कळत नाही. बाई पहाटे चारला उठून डबे भरते. वाटेत लघवीला जागा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. अशा सहलीत तिच्या वाट्याला काय येतं?

बैलगाडी परत आणा, असं आमचं म्हणणं नाही. पण बैल थांबवायचे, ते काम आता आपल्याला ठरवून करावं लागेल. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा. गौताळ्याच्या जंगलाला लागून ते देऊळ आहे. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. काळ १२०७ चा. मुलांना तो लेख दाखवा, मग झाडाखाली बसून खडे मोजत गणित घाला. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात, तेही पाहता येतात. फक्त पाण्यापासून लेकरं लांब ठेवा. वाळू कोरडी दिसली तरी पावसाळ्यात पात्रात उतरू नका, वरून पाणी सोडलं की पूर अचानक येतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. गटातल्या पाच-सहा जणी मिळून, लेकरांसह, एका दिवसाची फेरी सहज होते. निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा. थांबायचं कुठं, तिथं बाईमाणसासाठी सोय आहे का, आणि शिदोरी कोणी कोणी करायची. दशम्या लाटायला सगळ्याच घरांतल्या पुरुषांचे, पोरांचे हात लागू द्या.

आणि ज्या वाटेवर सावली उरली नाही, तिथं पावसाळ्यात कडुनिंब लावा, दोन उन्हाळे पाणी घाला. पुढच्या आखाजीला कोणाची तरी लेक त्या वाटेनं माहेरी येईल.