जलवाहतूक प्रकल्पांतील कंत्राटदाराचा पूर्वसहभाग

कंत्राटदाराचा पूर्वसहभाग ही बांधकाम प्रकल्पांचे नियोजन करण्याची व कंत्राट देण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत आराखडा अंतिम होण्यापूर्वी, काही वेळा तर पर्यायांची निवड चालू असतानाच, बांधकाम करणाऱ्या कंपनीला नियोजनात सामील करून घेतले जाते. बंदरे, धक्के, लाटरोधक भिंती, जलमार्गांचे खोलीकरण, कालवे आणि लॉक (पाण्याच्या भिन्न पातळ्यांमध्ये जहाजे चढवणारे व उतरवणारे दरवाजेबंद बांधकाम) अशा कामांत ती विशेष उपयुक्त मानली जाते.

पार्श्वभूमी

पारंपरिक पद्धतीत मालक संस्था सल्लागाराकडून संपूर्ण आराखडा करून घेते, निविदा मागवते आणि बहुधा सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम सोपवते. कंत्राटदार येईपर्यंत महत्त्वाचे बहुतेक निर्णय झालेले असतात. जमिनीवरील साध्या कामात हे निभावून जाते. पाण्यातील कामात ते महागात पडू शकते. समुद्रतळ डोळ्यांना दिसत नाही आणि बोअरहोल मोजक्याच ठिकाणी घेतलेली असतात. दोन बोअरहोलांच्या मधे कठीण खडक निघाला, तर गाळ शोषून घेणारा ड्रेजर निरुपयोगी ठरतो व कटर ड्रेजर आणावा लागतो किंवा सुरुंग लावावे लागतात. मोठे ड्रेजर व तरत्या क्रेन जगात थोड्याच कंपन्यांकडे असून त्या कोणत्या महिन्यांत मोकळ्या असतील, हे त्या कंपन्यांनाच ठाऊक असते. जवळच्या खाणीतून किती वजनाचे दगड मिळू शकतात, यावर लाटरोधक भिंतीची रचना अवलंबून असते. लाटांमुळे वर्षातील किती दिवस काम बंद राहील, हा हिशेबही महत्त्वाचा ठरतो. कोकण किनाऱ्यावर तर पावसाळ्यात उघड्या समुद्रातील काम जवळपास थांबते.

कार्यपद्धती

सर्वांत साध्या रूपात मालक संस्था निविदेपूर्वी अनेक कंपन्यांशी सल्लामसलत करते. अधिक विकसित रूप दोन टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यात कंत्राटदाराची निवड मुख्यतः अनुभव, प्रस्तावित चमू व कार्यपद्धती यांवरून होते. त्याला मोबदला देऊन आराखडा, भूगर्भ तपासणी व जोखमींची छाननी यांत सामील केले जाते. किंमत खुल्या हिशेबाने ठरते आणि ती मान्य झाल्यावरच प्रत्यक्ष बांधकामाचा दुसरा टप्पा सुरू होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एनईसी४ या नमुना कंत्राटात 'एक्स२२' हे ऐच्छिक कलम यासाठीच आहे. किंमतीवर एकमत न झाल्यास मालकाला दुसरा टप्पा न देण्याची मोकळीक त्यात राहते.

नेदरलँड्समधील अनुभव

रॉटरडॅम बंदराच्या मास्व्लाक्टे २ या विस्तारासाठी २००८ मध्ये बोस्कालिस व व्हान ऊर्ड यांच्या संयुक्त गटाशी करार झाला. त्यात आराखडा, बांधकाम व देखभाल या तिन्ही जबाबदाऱ्या एकत्र होत्या. जुन्या किनारासंरक्षणातील अवजड काँक्रीटचे ठोकळे नव्या संरक्षणात पुन्हा वापरले गेले आणि ते रचण्यासाठी 'ब्लॉकबस्टर' ही खास क्रेन बांधण्यात आली. यंत्र आणि आराखडा यांचा विचार एकाच वेळी झाल्यावर काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आयमाउडन येथील समुद्री लॉकची कथा वेगळी आहे. ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद व १८ मीटर खोल अशा या लॉकचे काम २०१५ मध्ये ओपनआयजे या गटाला देण्यात आले. येथेही आराखडा कंत्राटदाराकडेच होता. परंतु वित्तपुरवठा आणि २६ वर्षांची देखभाल यांसह त्याची किंमत आधीच बांधली गेली होती. काम सुरू झाल्यावर महाकाय दरवाज्याच्या कप्प्याचा आराखडा बदलावा लागला. २०१९ मध्ये अपेक्षित असलेले उद्घाटन जानेवारी २०२२ मध्ये झाले आणि बांधकाम करणाऱ्या बाम व फोल्करव्हेसेल्स या कंपन्यांना मोठा तोटा सोसावा लागला. म्हणजे आराखड्याची जबाबदारी कंत्राटदाराला देणे आणि जोखीम समजून घेण्यास त्याला वेळ देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा तोट्यांनंतर डच सरकारची राइक्सवाटरस्टाट ही यंत्रणा मोठ्या व गुंतागुंतीच्या कामांसाठी दोन टप्प्यांच्या कंत्राटांकडे वळली.

आक्षेप व मर्यादा

मुख्य आक्षेप स्पर्धेचा आहे. पहिल्या टप्प्यानंतर मालकासमोर एकच कंत्राटदार उरतो व किंमतीच्या वाटाघाटीत त्याचे पारडे जड होते. खुला हिशेब तपासू शकणारे अनुभवी अभियंते मालकाकडे नसतील, तर ही पद्धत न वापरलेलीच बरी. केवळ सल्ला दिलेल्या कंपनीने पुढे निविदा भरल्यास तिला इतरांपेक्षा अधिक माहिती असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशानुसार अशी माहिती इतर निविदाकारांनाही द्यावी लागते; समान वागणूक राखण्याचा दुसरा मार्ग नसेल, तरच त्या कंपनीला वगळता येते.

भारतातील स्थिती

भारतात सरकारी बांधकामांत सर्वांत कमी दराच्या निविदेला प्राधान्य देण्याची प्रथा रूढ आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांसाठी गुणवत्ता व किंमत यांचे एकत्रित मूल्यमापन करण्यास मुभा दिली. त्यात किंमतीखेरीज इतर निकषांना कमाल ३० टक्के भार देता येतो. ही मुभा निविदाकाराच्या निवडीपुरती आहे. आराखडा तयार होत असताना त्याला सोबत घेणे त्यात अभिप्रेत नाही. बंदरांच्या टर्मिनलांबाबत मात्र खासगी चालकच बांधकाम करून ती चालवतो, अशी सवलत-करारांची पद्धत रुळली आहे. न्हावा-शेवा येथील १९९७ च्या करारातून उभे राहिलेले टर्मिनल हे तिचे सुरुवातीचे उदाहरण होय.