रोव्हर्स चषक

मुंबईत 1891 पासून खेळली गेलेली, ड्युरँड चषकानंतरची भारतातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. प्रारंभी ती ब्रिटिश लष्करी संघांपुरती होती. पहिले विजेतेपद वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवले. 1923 मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण चषक जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ बंगलोर मुस्लिम्स (1937) होय. सामने प्रामुख्याने कुलाब्याजवळील कूपरेज मैदानावर होत. आयोजन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे असे. सर्वांत लक्षणीय कामगिरी हैदराबाद सिटी पोलीस संघाची : प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली 1950 ते 1954 सलग पाच अजिंक्यपदे. गोव्याच्या धेंपो व साळगावकर संघांनीही चषक जिंकला. 2000-01 नंतर स्पर्धा बंद पडली.